वाचकांचे प्रश्न: प्रकल्प सरकारचा, पैसा बँकेचा, मग तक्रार कुणाकडे?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की रस्ता, मेट्रो, पूल अशा मोठ्या कामाला जागतिक बँकेसारख्या विकास बँकेचं कर्ज असेल तर ज्यांचं नुकसान होतंय त्यांना थेट त्या बँकेकडे तक्रार करता येते. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, का ते पुढे वाचलंत की कळेलच.

ताई, आमची दुकानांची जुनी लाईन आहे, वडिलांच्या वेळेपासून. रस्त्याच्या कामात जाणार म्हणून शटरवर लाल रंगाने नंबर टाकून गेलेत. ऑफिसात गेलो की साहेब मीटिंगमध्ये, नंतर या. वर्ल्ड बँकेकडे तक्रार म्हणजे आम्ही काय वॉशिंग्टनला जायचं? आणि आमच्यासारख्यांचं तिथे कोण ऐकतंय? (गाळेधारक, कुर्ला)

वॉशिंग्टनला कुणी जायचं नाही हो. तक्रार ईमेलने जाते, पोस्टाने जाते, मराठीत लिहिली तरी घेतात. आणि कोण ऐकतंय म्हणाल तर हा प्रश्न तुम्ही नेमका कुर्ल्याहून विचारताय, आणि मुंबईतली या बाबतीतली सगळ्यात गाजलेली तक्रार कुर्ल्याच्या दुकानदारांनीच केली होती.

झालं असं की २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्टला, म्हणजे आपण ज्याला एमयूटीपी म्हणतो त्याला, ५४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. लोकलच्या जादा लाईनी, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, सगळं त्यात. त्यासाठी साधारण १ लाख २० हजार माणसं उठवून दुसरीकडे बसवायची होती. आकडा परत वाचा, एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठा आहे. घराच्या बदल्यात २२५ चौरस फुटाची खोली, आणि दुकानाच्या बदल्यात? फुकट मिळणार तेच २२५ फूट, मग तुमचं दुकान आधी चारशे फुटाचं असो की हजार फुटाचं. ज्याच्याकडे मशीन आहेत, चार-सहा कामगार आहेत, मागे माल ठेवायला जागा लागते, त्याने २२५ फुटात काय करायचं? आणि जिथे जायचं तिथे आपलं गिऱ्हाईक येणार का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एप्रिल २००४ मध्ये कुर्ला पश्चिमेच्या किस्मत नगरमधल्या दुकानदारांच्या संघटनेने बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रार दाखल केली. त्या वर्षात मागोमाग अजून तीन गेल्या, घरवाल्यांच्याही होत्या. पॅनेल म्हणजे बँकेतच, पण बँकेच्या साहेब लोकांपासून वेगळं, थेट संचालक मंडळाला रिपोर्ट करणारं तीन जणांचं मंडळ. ते मुंबईत आले, वस्त्या बघितल्या, लोकांशी बोलले, बँकेच्या फायली काढल्या. डिसेंबर २००५ मध्ये रिपोर्ट आला आणि त्यात बँकेलाच चांगलं झापलं होतं. किती माणसं उठणार याचा अंदाज सुरुवातीला चुकला, मधल्या आकाराच्या दुकानदारांचा विचारच झाला नाही, शिफ्ट झाल्यावर माणूस कमावणार कसा हे पाहिलं नाही, लोकांना माहिती धड मिळाली नाही, आणि तक्रार ऐकायची जी सोय होती ती पुरेशी स्वतंत्र नव्हती. १ मार्च २००६ ला बँकेने रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले. चार महिने थांबले ते. राज्य सरकारने अटी मान्य करून त्यावर काम दाखवल्यावर २९ जूनला परत सुरू झाले.

आता लगेच तुम्ही विचाराल, मग दुकानं वाचली का? नाही. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड झाला, २०१४ मध्ये सुरू झाला, आज तुम्ही-आम्ही त्यावरून जातो. पण ज्या दुकानदारांना ऑफिसात कुणी खुर्ची देत नव्हतं त्यांच्यासमोर पर्याय ठेवायला लागले, त्यांच्याशी बोलणं ही बँकेची अट झाली, वसाहतींमधल्या सोयी, लोकांच्या याद्या, तक्रार निवारण हे सगळं नव्याने बघावं लागलं. हे कमी की जास्त ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचाराल तर मुंबईत एवढंही सहसा होत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. तुमचं भांडण प्रकल्पवाल्यांशी असतं, पण ही तक्रार असते बँकेविरुद्ध. बँकेने कर्ज देताना स्वतःचे नियम केलेले असतात, माणसं उठवायच्या आधी त्यांच्याशी बोला, पुनर्वसन आधी करा, पोटापाण्याचं बघा, आणि जमिनीचा कागद नसलेल्या झोपडीवाल्यालाही मदत द्या. ते नियम बँकेने पाळून घेतले की नाही एवढंच पॅनेल बघतं. कंत्राटदाराला शिक्षा, साहेबाची बदली, नुकसानभरपाईचा चेक, यातलं काही पॅनेलच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतो रिपोर्ट. आणि तो रिपोर्ट चावतो कधी, तर कर्जाचे हप्ते अजून यायचे असतात तेव्हा. २००६ मध्ये पैसे थांबवता आले कारण थांबवायला पैसे शिल्लक होते.

हे बँकवाले एवढे दयाळू कधीपासून झाले? (एक वाचक, दादर)

दयाळू नाही झाले, अडकले म्हणून झाले. सरदार सरोवर धरणाला १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर देऊ केले होते. नर्मदेच्या खोऱ्यातली गावं, त्यात आपल्या अक्कलकुवा-धडगावकडची आदिवासी गावं, मणिबेली वगैरे, पाण्याखाली जाणार होती आणि लोक कुठे जाणार याचा पत्ता नव्हता. लोकांनी इतकी वर्षं इतका आवाज केला की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये तिचा रिपोर्ट आला आणि बँकेचं वस्त्रहरण झालं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं, अशा प्रकारचं जगातलं पहिलं, आणि मग बाकीच्या बँकांनी एकेक करून तसलंच काहीतरी उभं केलं. म्हणजे आज फिलिपिन्समधला किंवा केनियातला माणूस ज्या दारात तक्रार घेऊन जातो ते दार आपल्या सातपुड्यातल्या लोकांच्या भांडणातून उघडलंय. त्यांचं स्वतःचं काय झालं? बँक गेली, धरण झालं. तो हिशोब वेगळा आणि अजून न मिटलेला.

आमच्या इथल्या प्रकल्पात कुठल्या बँकेचा पैसा आहे हे कळणार कसं? साईटवरच्या बोर्डावर फक्त मंत्र्यांचे फोटो आहेत. (सोसायटी सेक्रेटरी, मुलुंड)

फोटोंच्या खाली बारीक अक्षरात बघा, कधीकधी तिथे लोगो असतो. नसेल तर ज्या-त्या बँकेच्या वेबसाईटवर देश निवडून प्रोजेक्टची यादी निघते, तिथे पर्यावरणाचे आणि पुनर्वसनाचे रिपोर्टही पडलेले असतात, तुमच्या वस्तीचं नाव टाकून शोधा, सापडलं तर प्रिंट काढून ठेवा. तेही जमलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायला बांधील आहेत. प्रश्न मोजका विचारा: या प्रकल्पाला कुठल्या कुठल्या संस्थेचं कर्ज आहे, कराराची तारीख काय, कर्ज बंद होण्याची तारीख काय. शेवटची तारीख विसरू नका, का ते खाली येतंय.

मुंबईपुरता अंदाज देते. एमयूटीपीचे पहिले टप्पे जागतिक बँकेचे, एमयूटीपी-३ ला बीजिंगच्या एआयआयबीचे, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचे, ५० कोटी डॉलर. मेट्रो २ आणि ७ ला मनिलाच्या एडीबीने, म्हणजे आशियाई विकास बँकेने, २०१९ मध्ये ९२ कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. मेट्रो ३ आणि अटल सेतू जायकाचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या जपानच्या सरकारी संस्थेचे. कोस्टल रोडचा दक्षिणेकडचा भाग महापालिकेने स्वतःच्या पैशातून बांधला, म्हणजे तिथे यातलं कुठलंच दार नाही, तिथे कोर्ट, हरित लवाद आणि मोर्चा.

प्रत्येक बँकेचं खिडकीचं नाव वेगळं, नियम थोडे वेगळे. जागतिक बँकेत पॅनेल, आणि २०२० नंतर त्याच्या जोडीला समेटाची, म्हणजे डिस्प्यूट रिझोल्यूशनची सोय आली. एडीबीत अकाउंटेबिलिटी मेकॅनिझम, त्यात एक जण मध्यस्थी करणारा आणि दुसरं नियम तपासणारं मंडळ, तुम्ही ठरवायचं कुठे जायचं. एआयआयबीत पीपीएम, म्हणजे प्रकल्पबाधितांसाठीची सोय, २०१९ पासून. जायकाला तक्रार तपासणारे एक्झामिनर्स असतात. आणि खाजगी कंपनीला जागतिक बँकेच्या ग्रुपमधल्या आयएफसीने पैसे दिले असतील तर सीएओ, म्हणजे आयएफसीविरुद्धच्या तक्रारी बघणारं स्वतंत्र ऑफिस. आयएफसीचा पैसा कधीकधी सरळ येत नाही, मधल्या एखाद्या फंडामार्फत येतो, तरीही तक्रार चालते. ओडिशातल्या कमलांगाच्या वीज प्रकल्पाची तक्रार अशीच, मधे एक इन्फ्रास्ट्रक्चर फंड होता.

सीएओत एकटा माणूसही तक्रार करू शकतो. बाकी बहुतेक ठिकाणी किमान दोन बाधित माणसं लागतात. मुंबईत दोन माणसं मिळणं अवघड नाही, अवघड असतं ती सही करेपर्यंत टिकणं.

आमच्या एरियात एक जण फिरतोय, म्हणतो वर्ल्ड बँकेची तक्रार इंग्लिशमध्ये वकिलाकडून करायला लागते, घरटी दोन हजार द्या. द्यायचे का? (गृहिणी, गोवंडी)

अजिबात नाही! फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. त्याला सांगा ताईंनी नको म्हणून सांगितलंय. ओळखीची संस्था किंवा कार्यकर्ता मदत करत असेल तर घ्या, प्रतिनिधी म्हणून त्याला पुढेही करता येतं, पण तुमच्या सहीचं पत्र लागतं त्याला.

लिहायचं कसं ते सांगते. बऱ्याच जणी पहिल्या पानावर "आमच्यावर घोर अन्याय झाला आहे" लिहितात आणि पाचव्या पानापर्यंत अन्यायच चालू राहतो, पण काय झालं ते कळतच नाही. असं लिहा (हा नमुना आहे, आकडे तुमचे घाला):

"आम्ही अमुक नगर, गोवंडी येथे राहतो. अमुक रस्त्याच्या कामात आमची घरं जात आहेत. फेब्रुवारीत सर्वे झाला, आमच्या गल्लीत ४० घरं आहेत पण यादीत ३१ आली. राहिलेल्या ९ घरांतली माणसं त्या दिवशी कामावर होती, घराला कुलूप होतं. आम्ही १० मार्चला अर्ज दिला, पोच जोडली आहे. २ एप्रिलला परत दिला, पोच जोडली आहे. उत्तर आलेलं नाही. आम्हाला दाखवलेली जागा मुलांच्या शाळेपासून आठ किलोमीटरवर आहे, आमच्यातल्या बायका इथल्या बिल्डिंगींमध्ये घरकाम करतात, तिकडे गेल्यावर ते काम सुटेल, त्याबद्दल कुणीही आमच्याशी बोललेलं नाही. आमचं म्हणणं: ९ घरांचा परत सर्वे व्हावा, आणि जागा ठरवण्याआधी आमच्यासोबत बैठक व्हावी."

झालं. एक पान. कोण, कुठे, कुठला प्रकल्प, काय नुकसान झालं किंवा होणार आहे, कुणाकडे आधी गेलात, काय हवंय. बँकेचा कुठला नियम मोडला त्याचं कलम तुम्हाला माहीत असायची गरज नाही, ते शोधणं त्यांचं काम.

सोबत झेरॉक्स लावा: सर्वेची पावती, फोटोपास (झोपडीचं ओळखपत्र) असेल तर, लाईट बिल, रेशन कार्ड, दुकान असेल तर गुमास्ता (दुकानाचा परवाना), आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. या पोचेचं महत्त्व आपल्याकडे कुणाला पटतच नाही. अर्ज देतात, टेबलावर ठेवून येतात, शिपाई म्हणाला ठेवा, ठेवला. तसं नाही करायचं, दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. कारण जवळपास सगळ्याच बँका आधी हे बघतात की तुम्ही खालच्या पातळीवर प्रयत्न केला होता का, एडीबी तर त्याबाबत फारच काटेकोर आहे, त्यांच्या प्रोजेक्टच्या माणसांकडे आधी जाऊन आलात का हे विचारतातच. तोंडी सांगितलं होतं याला तिथे काही किंमत नाही.

तक्रार केली तर वरून काही होवो न होवो, इथला लोकल माणूस आम्हाला जगू देणार नाही. नाव गुप्त ठेवतात का? (नाव नको, मानखुर्द)

ठेवतात. निनावी पत्र चालत नाही, म्हणजे तुम्ही कोण ते त्या ऑफिसला माहीत असावं लागतं, पण नाव बाहेर जाऊ देऊ नका असं पहिल्याच ओळीत लिहायचं, मग ते सरकारला, कंपनीला आणि बँकेच्या बाकी लोकांनाही नाव देत नाहीत. फोन कुठल्या नंबरवर करायचा, कुठे भेटायचं, तेही तुम्ही सांगा, वस्तीत गाडी घेऊन येऊ नका म्हणालात तर येत नाहीत.

पण खरं सांगू का, कागदावर नाव झाकलं तरी एवढ्याशा गल्लीत कुणी लिहिलं हे कळायला किती वेळ लागतो? बँकेला तुमच्या दारात पोलीस उभा करता येत नाही. म्हणून मी नेहमी म्हणते की दोनच माणसं लागतात म्हणून दोघांनी करू नका, पंचवीस-तीस सह्या घ्या, बायकांच्या जास्त घ्या, आणि प्रतिनिधी शक्यतो वस्तीबाहेरचा ठेवा. धमकी आलीच तर तारीख, वेळ, काय बोलला ते लिहून त्याच दिवशी त्या ऑफिसला कळवा, कॉल रेकॉर्ड असेल तर जपा. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारीचा ड्राफ्ट टाकू नका हो, त्यात कोण कोण आहे हे अ‍ॅडमिनलासुद्धा माहीत नसतं.

आम्हाला एका रस्त्याच्या कामात वस्तीतून उचलून पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत टाकून आता खूप वर्षं झाली. लिफ्ट बंद, पाणी तासभर, गटार तळमजल्यात येतं. कर्ज जागतिक बँकेचं होतं म्हणतात. आता तक्रार करता येईल? (रहिवासी, वाशीनाका)

बहुतेक नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय कारण तुमच्यासारखी सगळ्यात जास्त पत्रं आलीत. जागतिक बँकेच्या पॅनेलकडे कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंतच जाता येतं, आधी तर तेवढंही नव्हतं, कर्जाचे ९५ टक्के पैसे गेले की दार बंद. एडीबीकडे कर्ज बंद झाल्यावर २ वर्षं. आणि खरी गोची अशी की बिल्डिंगीचा दर्जा कळतो तो चार पावसाळे गेल्यावर, लिफ्ट बंद पडते ती मेंटेनन्सचे पैसे संपल्यावर, म्हणजे त्रास सुरू होतो तेव्हा बँक सामान आवरून गेलेली असते. या व्यवस्थेतली ही मोठी खोट आहे आणि बँकांना ती माहीत नाही असं मी मानत नाही.

तुम्ही आता ज्या प्राधिकरणाने बिल्डिंग दिली त्यांच्याकडेच जायचं, सोसायटी रजिस्टर असेल तर तिच्या लेटरहेडवर, नसेल तर आधी ती करून घ्या, कारण एकेकट्या रहिवाशाचा अर्ज फिरत राहतो. पाणी आणि गटारासाठी वॉर्ड ऑफिस. ज्यांचं शिफ्टिंग आता व्हायचंय त्यांना मात्र माझं सांगणं की ताबा घ्यायच्या आधी बिल्डिंग बघून या, टाकी बघा, लिफ्टचा मेंटेनन्स पहिली काही वर्षं कोण देणार ते लेखी मागा, आणि नाही मिळालं तर तेव्हाच तक्रार करा, कर्ज चालू असताना.

आम्ही कोळी. खाडीत एका कामाचे खांब पडल्यापासून जाळ्यात काही लागत नाही. आमची घरं कुठे जात नाहीत म्हणून यादीत आमचं नाव नाही. आम्ही बाधित नाही का? (ठाणे खाडीकाठचा वाचक)

दादा, बाधित म्हणजे फक्त घर जाणारा नाही. धंदा गेला, वाट गेली, पाणी खराब झालं, सगळं त्यात येतं. कच्छमधल्या मुंद्र्याच्या मच्छिमारांची गोष्ट तुमच्या कामाची आहे. तिथे ४००० मेगावॅटचा कोळशाचा वीज प्रकल्प झाला, आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले, एडीबीनेही पैसे घातले. पाणी गरम होतंय, मासळी गेली, सुकवायला टाकलेल्या मासळीवर कोळशाची धूळ बसते, अशी मच्छिमारांच्या संघटनेची २०११ ची तक्रार. सीएओने २०१३ मध्ये रिपोर्ट दिला की आयएफसीने या लोकांचा, म्हणजे हंगामात किनाऱ्यावर येऊन राहणाऱ्या मच्छिमारांचा, विचार करण्यात कसूर केली. तुमचीच केस बघा, यादीत नसलेली माणसं.

पुढे? आयएफसीने रिपोर्टमधलं बरंचसं मान्यच केलं नाही. मच्छिमार तिथे थांबले नाहीत, अमेरिकेच्या कोर्टात गेले, आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक असा निकाल दिला की असल्या आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण माफी नाही. आपल्याकडच्या मासे पकडणाऱ्या माणसांनी वॉशिंग्टनमध्ये हा कायदा वळवला! नंतर खालच्या कोर्टांनी ती केस इतर कारणांवर फेटाळली, भरपाई हातात पडली नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट विकल्यासारखं होईल.

तुमच्यासाठी कामाचं हे: आजपासून वही घाला. कुठल्या दिवशी होडी गेली, किती डिझेल जळलं, काय मिळालं, कितीला विकलं. आधीच्या वर्षांच्या सोसायटीच्या डिझेलच्या नोंदी, मासळीच्या विक्रीच्या पावत्या जे असेल ते काढा. पूर्वी खूप मिळायचं हे सगळेच म्हणतात, नोंद दाखवणारा एखादाच असतो, आणि त्याचंच ऐकलं जातं. मग कर्ज कुणाचं ते वर सांगितल्याप्रमाणे शोधा.

तुम्ही लोकांना भडकवताय. मेट्रो नको, रस्ते नकोत, मग आम्ही रोज बोरिवलीहून लोंबकळतच यायचं का? (एक प्रवासी)

मीही त्याच लोकलने येते हो. मेट्रो नको असं वर कुठे लिहिलेलं दिसलं तर दाखवा. तुमची वीस मिनिटं वाचतात त्याची किंमत एखाद्याच्या दुकानाने दिलेली असते, ती त्याला नीट मोजून द्या एवढंच म्हणणं आहे, आणि ते म्हणणं माझं नाही, बँकेच्याच छापील नियमात आहे. कामाला उशीर होतो हे खरं. पण माणसं आधी नीट न हलवल्यामुळे जेवढी कामं रखडली तेवढी तक्रारींमुळे रखडलेली मला तरी माहीत नाहीत.

आणि कधी उलटही होतं, ते पण लक्षात असू द्या. आंध्रात अमरावती राजधानीसाठी जागतिक बँक ३० कोटी डॉलर देणार होती, २०१७ मध्ये शेतकऱ्यांनी पॅनेलकडे तक्रार केली, आणि २०१९ मध्ये भारत सरकारने कर्जाची मागणीच मागे घेतली. तेव्हा बँक बाहेर पडली, तक्रारीची फाईल बंद झाली. काहींना तो विजय वाटला, पण बँक गेली की तिचे नियमही जातात आणि मागे उरतो तो फक्त सरकारचा कायदा आणि तुम्ही. म्हणून बँकेला हाकला अशी मागणी लिहायच्या आधी वस्तीत बसून नीट बोला की आपल्याला नक्की काय पाहिजे.

तक्रार केल्यावर किती दिवसांत निकाल लागतो? (विद्यार्थी, कलिना)

निकाल हा शब्द सोडा, पण टप्पे सांगते. जागतिक बँकेत तक्रार रजिस्टर झाली की बँकेच्या मॅनेजमेंटला २१ कामकाजाचे दिवस मिळतात उत्तर द्यायला, मग साधारण तेवढेच पॅनेलला, त्यात ते येऊन बघतात आणि चौकशी हवी की नको ते संचालक मंडळाला सांगतात. मंजूर झालं की तुम्हाला विचारतात समेट करायचाय की चौकशी, समेटाला वर्षभर देतात. सीएओत पात्र की अपात्र ते १५ कामकाजाच्या दिवसांत, मग ९० कामकाजाचे दिवस अंदाज घेण्यात. किस्मत नगरच्या तक्रारीपासून रिपोर्टपर्यंत वीस महिने गेले होते.

तेवढ्यात नोटीस आली, बुलडोझर आला तर? पॅनेलकडे स्टे नाही. स्टे लागणार असेल तर हायकोर्टातच जायला लागेल, दोन्ही एकदम करता येतं का हे मात्र त्या-त्या बँकेच्या ऑफिसला आधी मेल करून विचारा, ते उत्तर देतात, तक्रार करायच्या आधी चौकशी केली तरी देतात.

आमचा बिल्डर तीन वर्षं भाडं देत नाही. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, स्कीम आहे. वर्ल्ड बँकेकडे जाऊ का? (ट्रान्झिट कॅम्प, सायन)

नाही. त्यात बँक नाही, बिल्डर आहे. एसआरएच्या ऑफिसात थकलेल्या भाड्याचा अर्ज करा, सगळ्यांचा एकत्र, महिन्यावार थकबाकीचा तक्ता जोडून, भाडं शेवटचं कधी जमा झालं त्याची पासबुकाची झेरॉक्स लावून. आणि पोच घ्या.